पाठाळांचा पूल

इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशर आणि लँकेशर या दोन परगण्यांच्या सरहद्दीवर, पेनाइन नावाची जी डोंगररांग दक्षिणोत्तर पसरली आहे, तिच्या पूर्वेकडील एका चिंचोळ्या खोऱ्यात हेब्डन नावाची छोटी परंतु अवखळ नदी कॅल्डर नदीस येऊन मिळते. आणि या संगमाच्या किंचित वरच्या अंगास, शतकानुशतकांच्या पावसाने व गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या दगडांचा एक पूल उभा आहे, ज्याच्या नावावरूनच भोवतालच्या गावाला हेब्डन ब्रिज हे नाव मिळाले. इ. स. १५१० च्या सुमारास हा पूल बांधला गेला असे मानतात. त्या वेळी दक्षिणेत कृष्णदेवराय विजयनगरच्या सिंहासनावर नुकताच आरूढ झाला होता, बहमनी दौलतीची शकले होऊन नवी राज्ये आपापले पाय रोवीत होती, आणि त्याच वर्षी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकून घेतला होता. तेव्हापासून आजपर्यंत किती सिंहासने उलथली आणि किती राजमुद्रा विस्मृतीत गेल्या, याची गणती करण्याचे कारण नाही. या आडवळणाच्या खोऱ्यातील हा पूल मात्र आपल्या जागी आहे, आणि त्यावरून माणसे आजही चालत जातात.

हा पूल कोणा सम्राटाच्या दिग्विजयाचे स्मारक नव्हे. कोणा नामांकित स्थापत्यविशारदाचे नाव त्याच्याशी जोडलेले नाही. लोकरीच्या गोणी, कापडाचे तागे, मीठ, चुना आणि कोळसा पाठीवर वाहणाऱ्या तट्टांसाठी, म्हणजे आपण ज्यांना पाठाळे म्हणतो त्या मुक्या जनावरांसाठी आणि त्यांना हाकणाऱ्या अनाम माणसांसाठी तो बांधला गेला. असा सामान्य प्रयोजनाचा पूल पाचशे वर्षे टिकतो तेव्हा त्याच्या बांधणीचे कौतुक करावेच लागते. परंतु त्याच्या दीर्घायुष्याचे खरे मर्म बांधणीपेक्षा दुरुस्तीत आहे, आणि तेच या लेखात सांगावयाचे आहे.

डोंगरमाथ्याची वाट

या मुलखात प्रथमच जाणाऱ्याला एका गोष्टीचा अचंबा वाटतो. आजचा रस्ता, कालवा आणि लोहमार्ग ही तिन्ही खोऱ्याच्या तळाशी एकमेकांना खेटून जातात; पण जुनी गावे पाहावीत तर ती डोंगराच्या खांद्यावर वसलेली. हेब्डन ब्रिजचे मूळ गाव म्हणजे हेप्टनस्टॉल, आणि ते पुलापासून सुमारे दीडशे मीटर उंचावर आहे. याचे कारण असे की, कॅल्डरच्या खोऱ्याचा तळ पूर्वी दलदलीने आणि दाट झाडीने व्यापलेला होता. तेथे चाक तर दूरच, माणसाचा पायही नीट ठरत नसे. म्हणून हॅलिफॅक्सहून बर्नलीकडे जाणारा वाहतुकीचा जुना मार्ग डोंगरमाथ्यावरून, वारा आणि धुके अंगावर घेत जाई, आणि एखादी नदी आडवी आली म्हणजे नाइलाजाने खाली उतरून, तिला ओलांडून, पलीकडची चढण पुन्हा चढे. हेब्डनचा पूल हा अशाच एका उतरणीच्या आणि चढणीच्या मधला दुवा होय.

पूल ओलांडून हेप्टनस्टॉलकडे जाणाऱ्या दगडी चढणीला बट्रेस म्हणतात. ती आजही तशीच आहे. उभ्या बसविलेल्या दगडांच्या फरसबंदीवर पावसाळी दिवसांत पाऊल घसरते, आणि मोकळ्या हातांनी चढणाऱ्यालाही मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. मग पाठीवर तीन मण ओझे असलेल्या जनावराची कल्पना करावी, आणि तेही हिवाळ्यात, दगडांवर बर्फाचा पातळ थर बसलेला असताना. ही चढण पायाखाली घातल्याशिवाय या पुलाचे मोल खऱ्या अर्थाने कळत नाही.

चढणीच्या माथ्यावर हेप्टनस्टॉलमध्ये सोळाव्या शतकातील कापडबाजाराची इमारत आहे, आणि जवळच तेराव्या शतकात स्थापन झालेल्या सेंट टॉमस बेकेटच्या चर्चचे, १८४७ सालच्या वादळाने उद्ध्वस्त झालेले अवशेष आहेत. नदीपलीकडील वॅड्सवर्थ गावाचे लोकही धर्मकार्यासाठी याच चर्चवर अवलंबून असत. तेव्हा नवजात बालकांचे बाप्तिस्मे, नवदांपत्यांची वऱ्हाडे आणि मृतांच्या शवपेट्या या पुलावरूनच वर जात. व्यापाराचा हा पूल असा जन्ममरणाचाही पूल होता.

पाठीवरचा व्यापार

डोंगरावरची जमीन नापीक, हवा थंड आणि ओली. केवळ ओटच्या पिकावर आणि चार मेंढरांवर कुटुंबाचा निर्वाह होणे कठीण. म्हणून या भागातील शेतकरी मध्ययुगापासूनच विणकरही होता. घरातील मुले लोकर पिंजीत, बायका सूत कातीत आणि पुरुष माग चालवीत. विणलेले कापड धुऊन, घोटून, घराबाहेरच्या लाकडी चौकटींवर ताणून वाळत घातले जाई. या कापडाला केर्सी म्हणत. ते जाडेभरडे पण टिकाऊ असे आणि त्याची बाजारपेठ सातासमुद्रापलीकडे पसरलेली होती. या उघड्यावर वाळणाऱ्या कापडावर समाजाचे पोट किती अवलंबून होते, हे हॅलिफॅक्सच्या एका भयंकर रूढीवरून ध्यानात येते: साडेतेरा पेन्स किंवा त्याहून अधिक किमतीचा माल चोरणाऱ्याचा शिरच्छेद करण्याचा अधिकार तेथील स्थानिक अंमलदारांना होता, त्यासाठी गावात एक यंत्रच उभारलेले होते, आणि १६५० पर्यंत त्याचा उपयोग होत होता.

लोकर विकत आणणे आणि कापड विकावयास नेणे, या दोन टोकांमध्ये या विणकराचे आयुष्य ताणलेले असे. १५५५ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हॅलिफॅक्सपुरता एक खास कायदा केला. लोकरीच्या मध्यस्थ व्यापाऱ्यांना इतरत्र मनाई झाली असता हॅलिफॅक्सच्या परिसरात मात्र मुभा देण्यात आली, आणि तिचे जे कारण नमूद झाले ते हृदयद्रावक आहे: येथील गरीब विणकरांपाशी घोडा पाळण्याइतकीही ऐपत नाही, ते तीनचार, प्रसंगी पाचसहा मैल चालत जाऊन, थोडीथोडी लोकर डोक्यावरून आणि पाठीवरून वाहून आणतात, आणि तेवढी विणून विकल्यावरच पुढची विकत घेऊ शकतात. यानंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी डॅनियल डीफो हा विख्यात लेखक ब्लॅकस्टोन एज नावाची खिंड ऑगस्ट महिन्यातल्या हिमवादळात ओलांडून हॅलिफॅक्सकडे आला, तेव्हा त्याला डोंगरउतारांवर घरोघरी ताणून ठेवलेले कापड दिसले, आणि लोकर व धान्य आणण्यासाठी, कापड बाजारात पोहोचविण्यासाठी प्रत्येक विणकराच्या दारी एकेक घोडा बांधलेला असे, याचीही त्याने नोंद केली. डोक्यावरचे ओझे घोड्याच्या पाठीवर जाणे हीच या खोऱ्याच्या उत्कर्षाची कथा होय, आणि तिच्यातील प्रत्येक ओझे कोणत्या ना कोणत्या दगडी पुलावरून पार झालेले आहे.

घरचा घोडा जवळच्या बाजारापुरता. लांब पल्ल्याची वाहतूक मात्र धंदेवाईक तांडेवाल्यांच्या हाती असे. त्यांना त्या भागात जॅगर म्हणत. एका तांड्यात वीस, तीस, कधी चाळीसपर्यंत तट्टे एकामागून एक चालत. ती गॅलोवे जातीची, ठेंगणी पण काटक असत. ही जात आता नामशेष झाली आहे. प्रत्येकाच्या पाठीवर लाकडी खोगीर, आणि त्याच्या दोन्ही अंगांना समतोल राहतील अशा बेताने बांधलेल्या टोपल्या अथवा गोणी. एकूण भार सुमारे शंभर ते एकशेदहा किलोंचा. म्होरक्या तट्टाच्या गळ्यात घंटांची माळ असे. धुक्यात मागच्यांना वाट सापडावी आणि अरुंद वाटेवर समोरून येणाऱ्यास आधीच सूचना मिळावी, असे तिचे दुहेरी प्रयोजन होते. कारण भरल्या ओझ्याचे दोन तांडे एकाच वाटेवर समोरासमोर आले तर एकाला दलदलीत उतरावे लागे.

चेशरमधील मीठ, आम्लधर्मी जमीन सुधारण्यासाठी लागणारा चुना, कोळसा, माल्ट, लोकर आणि कापड, असा सारा संसार या जनावरांच्या पाठीवरून चाले. दलदलीच्या माळावर वाट खचू नये म्हणून मोठमोठ्या फरश्यांची एकेरी रांग अंथरलेली असे. अशा फरश्या अनेक ठिकाणी आजही शाबूत आहेत, आणि असंख्य खुरांनी व पावलांनी झिजून त्यांच्या मधोमध जे पन्हळ पडले आहेत, त्यांत पावसाचे पाणी साठलेले दिसते.

दगड, चुना आणि वाकडी पाठ

असे पूल पेनाइनच्या डोंगरांत अनेक आहेत. वायकोलर येथे एका ओढ्यावर दुहेरी कमानीचा पूल आहे. हेब्डन ब्रिजच्याच परिसरात, कोल्डनच्या घळीत, खांबांवर लांब शिळा आडव्या टाकून केलेला अतिप्राचीन घडणीचा साकव आहे. स्कॉटलंडमध्ये कारब्रिज येथे १७१७ साली बांधलेल्या पुलाची एकच उंच, कृश कमान उरली आहे. नदीला पूर आला म्हणजे अंत्ययात्रांना पलीकडच्या दफनभूमीत जाता येत नसे, म्हणून तो बांधला गेला, आणि १८२९ च्या महापुरात त्याचे कठडे वाहून गेले तरी कमान राहिली.

या पुलांचे विशेष ठरलेले असतात. रुंदी बेताची, बहुधा सहा फुटांच्या आत. कारण त्यांवरून चाक जाणार नव्हते, आणि एक फूट रुंदी वाढविली तर दगड, चुना व मजुरी यांचा खर्च त्या प्रमाणात वाढे. कठडे अगदी बुटके, किंवा मुळीच नसत. कारण तट्टाच्या दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या गोणी कठड्यावर आपटल्या तर ओझे कलंडून जनावर नदीत पडण्याचे भय. आज अशा पुलांवर जे उंच कठडे दिसतात ते पुष्कळदा नंतरच्या काळातील असतात. हेब्डनचा पूल एकाहून अधिक कमानींचा असून नदीच्या पात्रात रोवलेल्या त्याच्या खांबांना प्रवाहाकडे तोंड करून त्रिकोणी नाके काढलेली आहेत. येणारे पाणी, आणि पाण्याबरोबर वाहत येणारे ओंडके, या नाकांवर दुभंगून कमानींतून निघून जातात. हीच नाके वर कठड्यापर्यंत चढवून तेथे त्रिकोणी कोनाडे केलेले आहेत, आणि तांडा पुलावर आला म्हणजे पादचाऱ्याने त्या कोनाड्यात अंग चोरून उभे राहावे, अशी ती सोय होती. ज्या अवयवाने खाली पुराला वाट दिली त्यानेच वर माणसाला आसरा द्यावा, हे त्या अनाम गवंड्यांच्या बुद्धीचे लक्षण होय.

दगड येथलाच, मिलस्टोन ग्रिट नावाचा भरड वालुकाश्म, ज्याची जाती घडवीत. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर पाया घ्यावयाचा. खांब उठवून त्यांच्यामध्ये कमानीच्या आकाराचा लाकडी सांगाडा उभा करावयाचा. त्यावर दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे घडीव दगड रचीत यावयाचे, आणि शेवटी मधोमध कळीचा दगड ठोकून बसविला म्हणजे सांगाडा काढून घ्यावयाचा. त्या क्षणापासून कमान आपल्याच वजनाने उभी राहते. वरून जितका भार यावा तितके दगड एकमेकांना अधिक घट्ट दाबतात, आणि तो भार दोन्ही अंगांनी खांबांत व काठांत उतरतो. सांध्यांत भरलेला चुना दगडांना लवचीकपणे धरून ठेवतो; पाया किंचित हलला, उन्हाने वा गारठ्याने दगड फुगले-आकसले, तरी चुना ते सोसतो आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडू देतो.

पुण्य, कायदा आणि कर्तव्य

पूल बांधण्यास पैसा कोठून येई? मध्ययुगीन इंग्लंडात पूल बांधणे हे धर्मकृत्य मानले जाई. आपल्याकडे घाट, धर्मशाळा आणि पाणपोई यांना जे पुण्य चिकटले आहे तेच तिकडे पुलाला होते. मरणाऱ्या माणसाने मृत्युपत्रात चर्चला, गोरगरिबांना आणि गावच्या पुलाला काही रक्कम ठेवून जावे, असा प्रघात होता. पुलाच्या कामास मदत करणाऱ्यांना बिशप पापक्षालनाची सवलत जाहीर करीत. हेब्डनवर पूर्वी लाकडी पूल होता. त्याच्या जागी दगडी पूल आला तो या धर्मश्रद्धेच्या अखेरच्या पर्वात. पुढे वीसएक वर्षांतच राजा आठव्या हेन्रीने रोमच्या चर्चशी संबंध तोडले, मठ बरखास्त होऊन त्यांची मालमत्ता सरकारजमा झाली, आणि पुलांना पोसणारा पुण्याचा झरा आटत गेला.

परंतु याच संधिकालात, १५३१ साली, पार्लमेंटने पुलांविषयी जो कायदा केला, त्याला मी या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाची घटना मानतो. एखादा पूल दुरुस्त करण्याची जबाबदारी अमुक जमीनदाराची, अमुक गावाची वा अमुक संस्थेची आहे असे सिद्ध करता येत नसेल, तर ती त्या परगण्यातील सर्व रहिवाशांची समजावी. परगण्याच्या मानद न्यायाधिकाऱ्यांनी आपल्या त्रैमासिक बैठकीत अशा पुलांची चौकशी करावी, पट्टी बसवून पैसा उभारावा, कामावर देखरेख करणारे अंमलदार नेमावेत. आणि पुलाच्या दोन्ही टोकांपासून तीनशे फुटांपर्यंतचा रस्ताही पुलाचाच भाग समजावा, असे या कायद्याने ठरविले. ज्याचा कोणी धनी नाही तो पूल सर्वांचा, आणि जो सर्वांचा त्याच्या दुरुस्तीचा जाब विचारावयाचा तो अमुकच दप्तरात, हे तत्त्व एकदा कागदावर येऊन अंमलात आले की पुलाचे आयुष्य व्यक्तीच्या दानतीवर अवलंबून राहत नाही.

रस्त्यांसाठी १५५५ साली असाच कायदा झाला. प्रत्येक गावच्या रहिवाशांनी वर्षातून चार दिवस रस्त्याच्या कामावर राबावे असे त्याने फर्मावले, आणि पुढे हे दिवस सहा करण्यात आले. ही एक प्रकारची वेठच होती. लोक कुरकुरत, अंग चोरीत, आणि रस्ते बहुधा वाईटच राहत. पुलांचे मात्र तसे झाले नाही, कारण त्यांच्यासाठी पैसा, दप्तर आणि उत्तरदायी माणूस या तिन्हींची योजना होती. पुढे यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग विभागाने पुलांसाठी स्वतंत्र सर्वेक्षक नेमले, आणि अठराव्या शतकात जॉन कार यांच्यासारख्या ख्यातनाम वास्तुविशारदाने ते पद भूषविले. हेब्डनच्या पुलाची सतराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत दुरुस्ती झाली. आणि आज जेव्हा आपण त्याला पाचशे वर्षांचा म्हणतो, तेव्हा त्या पाचशे वर्षांत कोणीतरी निसटलेला दगड परत बसविला, झिजलेला सांधा पुन्हा भरला, खांबाखालची खरवडलेली जागा बुजविली, हे विसरता कामा नये.

पुलावर आलेले युद्ध

या शांत व्यापारी पुलाच्या नशिबी एकदा रणभूमी होणेही आले. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यातील यादवीत, १६४३ साली, हॅलिफॅक्स राजपक्षाच्या ताब्यात होते आणि हेप्टनस्टॉलच्या माथ्यावर कर्नल ब्रॅडशॉ यांच्या नेतृत्वाखाली पार्लमेंटची शिबंदी होती. १ नोव्हेंबरच्या पहाटे सर फ्रान्सिस मॅकवर्थ यांची राजपक्षीय फौज मुसळधार पावसात पूल ओलांडून बट्रेसच्या चढणीला लागली. वरच्यांनी तिच्यावर मोठमोठे दगड लोटून दिले आणि मागोमाग स्वतः धाव घेतली. माघार घेणाऱ्यांची पुलापाशी कोंडी झाली, आणि कित्येक जण दुथडी भरलेल्या हेब्डनमध्ये वाहून गेले. पुढच्या जानेवारीत राजपक्षाची अधिक मोठी फौज आली, शिबंदीने गाव सोडले होते, आणि आलेल्यांनी घरे जाळली. डोंगरी मुलखातील लढाई वाटेवर ठरते आणि वाट नदीच्या उतारावर अडते, हे ज्याने सह्याद्रीचा इतिहास वाचला आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

चाक, कालवा आणि आगगाडी

पाठाळांच्या युगाचा अस्त अठराव्या शतकात सुरू झाला. १७३५ साली ब्लॅकस्टोन एजच्या मार्गासाठी पथकर घेऊन रस्ता राखणारे विश्वस्त मंडळ स्थापन झाले. १७६० नंतर कॅल्डरच्या खोऱ्याच्या तळातूनही तसा रस्ता झाला, दलदल हटली, आणि वाहतूक डोंगरावरून खाली उतरली. १७७९ च्या पहिल्या दिवशी हॅलिफॅक्समध्ये तीनशेहून अधिक दालनांचा भव्य कापडबाजार उघडला, तेव्हा हस्तव्यवसायाचे वैभव शिखरावर होते, आणि त्याची अखेरही तेवढीच जवळ होती. १७९८ साली रॉचडेल कालवा सॉवर्बी ब्रिजपासून टॉडमॉर्डनपर्यंत खुला झाला आणि १८०४ साली तो मँचेस्टरला पोहोचला. जे जनावर पाठीवर टनाचा जेमतेम नववा-दहावा भाग वाहून नेई, तेच कालव्याच्या काठाने चालत तीस टनांची नाव ओढू लागले. या एका आकड्यापुढे कोणत्याही तांड्याचा टिकाव लागणे शक्य नव्हते. १८४१ साली डोंगराच्या पोटातून बोगदा काढून मँचेस्टर-लीड्स आगगाडी धावू लागली, आणि घंटांच्या माळा कायमच्या थांबल्या.

गाव मात्र वाढले. ओढ्यांच्या पाण्यावर आणि पुढे वाफेवर गिरण्या चालू लागल्या, लोकरीची जागा पुष्कळशी कापसाने घेतली, आणि जाड सुती कापड व त्याच्या विजारी यांसाठी हेब्डन ब्रिजचे नाव झाले. सपाट जागा नसल्यामुळे डोंगरउतारावर घरावर घर रचण्यात आले. खालच्या घराचे दार एका गल्लीत आणि वरच्याचे मागच्या उंच गल्लीत, अशी ती विलक्षण वस्ती आजही आहे. येथेच या इतिहासाचा धागा आपल्या भूमीशी येऊन मिळतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकेशर आणि त्याच्या शेजारच्या खोऱ्यांतील गिरण्यांनी हिंदुस्थानच्या कापसाकडे धाव घेतली; गुजरात, खानदेश आणि वऱ्हाड येथील कापूस तिकडच्या बाजारात सरसकट सुरती या नावाने ओळखला जाई. आखूड धाग्यामुळे तो कामगारांना नकोसा वाटे, पण दुसरा उपाय नव्हता. आणि हा वऱ्हाडचा कापूस, भुसावळपर्यंत १८६३ साली व नागपूरपर्यंत १८६७ साली लोहमार्ग येण्यापूर्वी, कशावरून जात असे? लादणीच्या बैलांच्या पाठीवरून, थेट गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत. पेनाइनच्या तट्टाचा आणि वऱ्हाडच्या बैलाचा असा हा न पाहिलेला भाऊबंदपणा आहे.

महापुराची परीक्षा

कॅल्डरचे खोरे पुराला नवखे नाही. परंतु अलीकडच्या वर्षांत पूर वारंवार आणि अधिक जोराने येऊ लागले आहेत. २०१२ च्या जून महिन्यात गाव बुडाले. २६ डिसेंबर २०१५ रोजी, नाताळच्या दुसऱ्याच दिवशी, त्याहून भीषण पूर आला आणि दुकाने, घरे, शाळा यांत पाणी शिरले. फेब्रुवारी २०२० मध्ये पुन्हा तेच. २०१५ च्या त्या पुरात याच खोऱ्यातील एलंड येथील आणि कॉप्ली येथील एकोणिसाव्या शतकातले दगडी पूल ढासळले. तीन दिवसांनी यॉर्कशरमध्येच टॅडकॅस्टरचा जुना पूल मधोमध कोसळला आणि गावाचे दोन तुकडे झाले. त्याच महिन्याच्या आरंभी कंब्रियातील पूली ब्रिज हा १७६४ चा पूल वाहून गेला होता. हेब्डनचा जुना पूल उभा राहिला.

दगडी पूल बहुधा वरच्या भाराने पडत नाही. तो पायाने पडतो. पुराचे पाणी खांबाभोवती भोवरे घेत तळची वाळू-माती खरवडून नेते, खांब पोकळीवर उभा राहतो, आणि मग एके क्षणी सारी कमान खचते. झाडांचे ओंडके अडकून कमानी तुंबल्या म्हणजे पाण्याचा सारा रेटा पुलाच्या अंगावर येतो. म्हणून पूर ओसरल्यावर पाणबुडे वा अभियंते यांनी खांबांचे तळ तपासणे, कमानींतला गाळ-कचरा काढणे, सांध्यांत उगवलेली रोपे मुळासकट उपटणे, आणि सांधा भरावयाचा तो चुन्यानेच भरणे, ही साधी, कंटाळवाणी, वृत्तपत्रांत कधीही न येणारी कामे पुलाचे प्राण वाचवितात. चुन्याच्या जागी सिमेंट भरले तर ते दगडापेक्षा कठीण ठरते, पाणी आत कोंडते, आणि थंडीत त्याचा बर्फ होऊन दगडाचा दर्शनी भागच सुटून येतो. हेब्डनचा पूल आता संरक्षित वास्तूंच्या राष्ट्रीय सूचीत आहे, आणि त्याच्या दगडाला हात लावावयाचा तर रीतसर परवानगी लागते.

आपल्या घाटांकडे

हे सारे वाचून मराठी वाचकाचे मन आपल्या सह्याद्रीकडे वळणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही दोन हजार वर्षे व्यापार जनावरांच्या पाठीवरून चालला. नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण जकातीचा म्हणून प्रसिद्ध आहे. कोकणातले मीठ घाटावर आणि घाटावरचे धान्य कोकणात नेणारे लमाण-वंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांचे असत, आणि मोठमोठ्या फौजांची रसद त्यांच्यावरच अवलंबून असे. बोरघाटातून गाड्या चालू शकतील असा रस्ता १८३० साली झाला. तोवर मुंबई आणि पुणे यांच्यामधला माल पाठीवरूनच चढे. तरीही इंग्लंडच्या मानाने आपल्याकडे असे पूल थोडे, आणि त्याचे कारण आपल्या ऋतुमानात आहे. तिकडे पाऊस बारा महिने, म्हणून नदी बारा महिने ओलांडण्याची सोय हवी. आपल्याकडे तो चार महिने. त्या काळात तांडे मुक्काम करीत, फौजा छावणीत राहत, आणि दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावर ओसरलेल्या नद्या उताराने पार होत.

म्हणूनच जेथे आपल्या पूर्वजांनी दगडी पूल बांधला, तेथे तो विशेष प्रयोजनाने बांधला असला पाहिजे, आणि तो अधिक जपावयास हवा. प्रतापगडाच्या पायथ्याशी पार येथे कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे आणि तो अद्याप वापरात आहे. याउलट २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीला पूर आला असता मुंबई-गोवा महामार्गावरील ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल कोसळला, आणि दोन एस. टी. गाड्यांसह त्यावरून जाणारी वाहने अंधारात नदीत गेली. त्यानंतर वर्षाच्या आत तेथे नवा पूल बांधला गेला. नवे बांधण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे हे त्यातून दिसले. जुने तपासण्याची शिस्त तेवढी अंगी बाणवावयाची राहिली आहे.

माझे मागणे साधे आहे. महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्यात असलेल्या जुन्या दगडी पुलांची, साकवांची आणि घाटवाटांवरील पायऱ्यांची एक यादी व्हावी. प्रत्येकाच्या दुरुस्तीचा जाब कोणत्या कचेरीने द्यावयाचा हे तीत स्पष्ट लिहिलेले असावे. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा त्याचा पाया तपासला जावा, आणि ती तपासणी गावच्या चावडीवर सर्वांना वाचता यावी. सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप कोवळे असतानाच काढावयास फारसा खर्च येत नाही. तो वृक्ष झाल्यावर मात्र पूल किंवा झाड, यांपैकी एक गमवावे लागते. हे काम सरकारचे आहे तितकेच त्या पुलावरून रोज जाणाऱ्या गावकऱ्यांचेही आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावी जाणाऱ्या प्रत्येक वाचकाने आपल्या नदीवरच्या जुन्या पुलाखाली एकदा उतरून त्याचे खांब पाहावेत, आणि काही निसटलेले आढळले तर ते ग्रामसभेत सांगावे.